आर्नेल बाप म्हणून पास झाला

मॅम ग्रेशेल पार्लरमध्ये शिरल्या तेव्हा डॉली एका मासळीवालीच्या केसांना रोलर लावत होता. शनिवारची सकाळ. बाहेर बाकावर तिघीजणी नंबर लावून बसल्या होत्या आणि आतल्या खोलीत त्याची भाची लीझेल मोठमोठ्याने नद्यांची नावं पाठ करत होती. डॉलीचं बाप्तिस्म्याचं नाव तिओदुलो; पण ते आता फक्त पाद्री आणि वीज कंपनी वापरत. पुंताबागोच्या वस्तीत लग्न असो, बारसं असो की मयत, बायकांची डोकी डॉलीच्या हाताखालून गेल्याशिवाय कार्य पुरं होत नसे.

मॅम ग्रेशेल वस्तीच्या समाजसेविका. गरीब घरांना सरकारकडून महिन्याला थोडी मदत मिळते. ती घेणारी माणसं नीट वागतात की नाही हे बघायचं त्यांचं काम. त्यांचा स्वतःचा पगार कधी वेळेवर होत नसे, पण त्या नीट वागत.

"डॉली, तुमच्या घरातून एक बाप हवाय," त्या म्हणाल्या.

"आज शिल्लक नाही," डॉली म्हणाला. "मंगळवारी माल येतो."

बाकावरच्या बायका हसल्या. मॅम हसल्या नाहीत. त्यांना अजून बरीच घरं फिरायची होती. वरून नवीन टूम आली होती. आयांचे वर्ग होऊन होऊन आया आता शहाण्या झाल्या, तेव्हा मदत घेणाऱ्या प्रत्येक घरातल्या बापाचं शिबिर घ्यायचं. दर शनिवारी, सभागृहात, सकाळपासून जेवणापर्यंत.

"मी येतो की. मुलीचं सगळं मीच करतो."

"तुम्ही मामा आहात."

"वेणी मी घालतो, डबा मी करतो, उवा मी काढतो."

"ते सगळ्यांना माहीत आहे हो. पण शिबिर बापांचं आहे." मॅमनी आवाज खाली आणला. "आणि शनिवारी तुम्ही हे सोडून येणार आहात का?"

शनिवारी डॉली हे सोडून कुठेच जात नसे. शनिवारच्या डोक्यांवर आठवडाभराचा भात शिजायचा.

बाप होता, नव्हता असं नाही. डॉलीच्या धाकट्या बहिणीचं, रोवेनाचं, आर्नेलशी चर्चमध्ये रीतसर लग्न झालं होतं. लीझेल चालायला लागली आणि रोवेना जेद्दाला कुणाचीतरी जुळी मुलं सांभाळायला गेली. जाताना ती लीझेल, शिवणयंत्र आणि एक डुकरीण डॉलीकडे ठेवून गेली. डुकरीण जत्रेत कापली गेली, यंत्र गंजलं. लीझेल तेवढी टिकली. आर्नेल वर्षाच्या आत नदीपलीकडे मेरीफे नावाच्या बाईकडे राहायला गेला. या देशात काडीमोड नाही, त्यामुळे तो नवरा राहिलाच, फक्त घरात राहिला नाही.

डॉलीने त्याच्याकडून पैशाची आशा केव्हाच सोडली होती. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की या माणसाने एकदा तरी शाळेच्या पालकसभेला यावं. लीझेल बारा वर्षांची झाली, बापाबद्दल तोंडाने काही बोलत नसे. पण सभेच्या दिवशी ती फाटकाकडे बघत बसे. डॉली पहिल्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला असायचा, तरी फाटकाकडेच बघे. हे डॉलीला आत कुठेतरी टोचायचं, आणि टोचतं याची लाजही वाटायची.

म्हणून दुपारी पार्लर बंद केल्यावर तो स्वतःच्या पायांनी कोंबड्यांच्या झुंजीच्या मैदानावर गेला. पुढे जे झालं ते त्याने आपणहून ओढवून घेतलं, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं.

आर्नेल दुसऱ्याच्या कोंबड्याला मालिश करत बसला होता. तोच त्याचा धंदा. पंखाखाली हात घालून, हलक्या बोटांनी, अधूनमधून फुंकर घालत. एवढी माया त्याच्या हातात आहे हे डॉलीला आजवर माहीत नव्हतं.

"काय मेहुणीबाई, आज इकडं कुठं?"

"तुला बाप करायला आलोय."

"मी आहेच की. तीन वेळा."

"ते बायकांनी केलं. आता सरकार करणार आहे. शनिवारी शिबिर आहे. जेवण देतात."

"जेवण काय?"

"पान्सित. शेवयांवर उकडलेलं अंडं."

"अंडं सगळ्यांना, का पुढं बसणाऱ्यांना?"

"सगळ्यांना. आणि टी-शर्ट."

आर्नेलने कोंबडा खाली ठेवला.

शिबिर घ्यायला प्रांताच्या ठाण्याहून सर विल्बर्तो नावाचे गृहस्थ येत. पहिल्या शनिवारी त्यांनी बापांना रबरी बाहुली आंघोळ घालायला लावली. वस्तीतल्या दोघांनी बाहुली बुडवली, एकाने तिची मान मोडली. आर्नेलच्या हाताखालून मात्र ती कोरडी होऊन, पावडर लावून, हसतमुख बाहेर आली. कोंबड्यांनी त्याला तयार केलं होतं. सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. आर्नेलसाठी आयुष्यात कुणी टाळ्या वाजवल्या त्या बहुधा पहिल्याच, आणि माणसाला एकदा त्याची चटक लागली की संपलं.

पुढच्या शनिवारी मिठीचा धडा झाला. संध्याकाळी लीझेल बाजारातून बांगडे घेऊन येत होती, तर समोरून बाप आला आणि त्याने भर रस्त्यात तिला घट्ट मिठी मारली. बांगडे मधे चेंगरले.

"काय झालं? कोण मेलं?" लीझेलने विचारलं.

"कोणी नाही," आर्नेल म्हणाला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. गृहपाठ आहे आमचा."

घरी येऊन तिने हे मामाला सांगितलं तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. बांगडे साफ करताना ती स्वतःशीच हसत होती. डॉलीने मनात म्हटलं, चला, खर्च फुकट गेला नाही. खर्च झालाच नव्हता. तरी त्याला तसं वाटलं.

मग आर्नेल घरी यायला लागला, आणि नुसता नाही, शिकून.

"तू हिच्यावर ओरडतोस," एकदा तो दारात उभा राहून म्हणाला. डॉलीच्या एका हातात केस कुरळे करायचा तापलेला चिमटा होता, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाची बट. "ओरडल्यानं मुलांच्या मनाची वाढ खुंटते. सर म्हणतात."

"शाळेची घंटा झाली आणि ही अजून भात चिवडतेय. तेव्हा सर काय करतात?"

"सर गुडघ्यावर बसतात. मुलाच्या डोळ्याला डोळा भिडवून शांतपणे बोलतात."

"सरांना मुलं किती?"

"नाहीत. ते आधी मठात होते."

गिऱ्हाईक हसलं आणि कान भाजून घेतला. लीझेल मात्र हसली नाही. "बाबा बरोबर सांगतायत," ती म्हणाली. "तू ओरडतोसच." आणि शाळेला गेली. त्या दिवशी तिने वेणी स्वतःची स्वतः घातली होती. वाकडी.

शिबिराचा समारोप म्हणजे मोठा सोहळा. या मुलखात बालवाडीची पोरंसुद्धा काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून पदवी घेतात. बापांना कोण सोडतो! आर्नेलकडे झग्याखाली घालायला धड शर्ट नव्हता, म्हणून डॉलीने आपला अननसाच्या धाग्याचा नक्षीदार बारोंग त्याला दिला. केसांना जेल लावलं. नखंही घासली, कारण त्यात कोंबड्याची पिसं अडकली होती. मेरीफेचे केसही फुकट करून दिले, आणि मान्य केलं पाहिजे, छान करून दिले.

आर्नेल पहिला आला. एकाही शनिवारी गैरहजर नाही. पावसाला नाही, दारूच्या दुसऱ्या दिवशी नाही. त्याला बोलायला सांगितलं. डॉली रोवेनासाठी मोबाइलवर चित्रण करत होता आणि डोळे पुसत होता, म्हणून वाक्यं कानावर पडूनही थोडी उशिराच आत गेली.

"मी चुकीचा बाप होतो," आर्नेल माइकवर म्हणाला. "माझी स्वतःची मुलगी दुसऱ्याच्या घरी वाढतीय आणि मी गप्प बसलो. आज मी तिला तिच्या घरी नेणार आहे. पूर्ण कुटुंबात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यातली पहिली टाळी डॉलीची होती. ती मोबाइलमध्ये ऐकू येते.

भांडण कोर्टात नेण्याआधी वस्तीच्या कॅप्टनपुढे, म्हणजे निवडून आलेल्या प्रमुखापुढे, बसून मिटवायचं, अशी इथली पद्धत. आणि कॅप्टन विसेंतेला काहीतरी मिटवल्याशिवाय जेवण जात नसे. तो वस्तीतल्या निम्म्या पोरांचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता होता. निवडणुका होत असतात, आणि बारशाला नाही म्हणणारा कॅप्टन परत निवडून येत नाही. आर्नेलला मेरीफेपासून झालेल्या धाकट्याचा, टोटोयचा, धर्मपिता तोच. त्यामुळे दोघं एकमेकांना 'पारे', म्हणजे धर्मनात्याचा सोयरा, म्हणत. लीझेलचाही धर्मपिता तोच होता, पण ते डॉलीने आठवण करून दिल्यावर त्याला आठवलं.

"असं? मग तर घरचंच काम झालं," कॅप्टन म्हणाला. "बोल पारे."

आर्नेल नम्रपणे बोलला. सरांनी त्याला 'मला असं वाटतं' ने वाक्य सुरू करायला शिकवलं होतं. डॉलीला कुणी काही शिकवलं नव्हतं, त्यामुळे त्याने 'कॅप, हा माणूस' ने सुरुवात केली आणि तिथेच निम्मं हरला.

"कॅप, हा माणूस कांजिण्यांत आला नाही. वादळात छप्पर उडालं, तेव्हा ही माझ्या पोटाखाली होती. तेव्हा हा आला नाही. दात पडला, पहिला नंबर आला, कधी नाही."

"अरे, म्हणून तर शिबिर घेतलं ना त्याचं!" कॅप्टन म्हणाला. "सुधारला. आता सुधारलेल्या माणसाला मागचं काढून मारायचं का? डॉली, तू देवमाणूस आहेस. माझ्या सासूला शवपेटीत तू इतकी सुंदर केलीस, की आम्ही ओळखलंच नाही. पण बघ. त्याच्या घरात बाप आहे, बाई आहे, मुलं आहेत. तुझ्या घरात कोण आहे?"

"लीझेल."

"आणि?"

"आणि मी."

"म्हणजे बघ," कॅप्टन म्हणाला, जणू मुद्दा डॉलीनेच त्याच्या हातात दिला होता.

मॅम ग्रेशेल कोपऱ्यात बसून टेबलाच्या कडेचा रंग नखाने खरवडत होत्या. डॉलीने त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मुलीला विचारावं, कॅप." तेवढं त्या बोलल्या, हे त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे.

कॅप्टनने लीझेलला पुढे बोलावलं. तिने त्याचा हात कपाळाला लावून नमस्कार केला. "बाळ, खरं सांग. तुला बाबा आवडतात का?"

 लीझेलने आर्नेलकडे बघितलं. तो केव्हाच गुडघ्यावर बसला होता, डोळ्याला डोळा भिडवून.

"हो," ती म्हणाली.

"झालं," कॅप्टन म्हणाला आणि उठला. डॉली दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत बसून राहिला. तो प्रश्न कुणी विचारलाच नाही.

शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, रोवेनाचा फोन आला. "दादा, पण त्याला शिबिराला पाठवलं कुणी?" तिने विचारलं. डॉलीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी इथून काय करू, सांग. मी यायचं म्हटलं तर… थांब, जुळी उठली." आणि फोन बंद झाला.

लीझेल गेली. पहिल्या रविवारी येऊन गेली. दुसऱ्या रविवारी आली नाही. मग शाळेच्या बाई केस कापायला आल्या आणि आरशातून म्हणाल्या, "लीझेलला बरं नाही का हो? तालुक्याच्या स्पर्धेच्या संघातून तिला काढावं लागलं."

डॉलीने त्यांचे केस एका बाजूने कापून घेतले, दुसरी बाजू पुढच्या आठवड्यात करू म्हणाला आणि नदी ओलांडून गेला.

लीझेल नळावर होती. टोटोय कडेवर, मेरीफेचीच तीन वर्षांची जेनजेन झग्याला लोंबकळलेली, आणि हातात बादली. मेरीफे पहाटेच मासळी वाळवण्याच्या वाड्यावर जायची ती अंधार पडल्यावर यायची.

"शाळा?"

"जाते मी. परवा गेले होते."

"काल?"

"काल टोटोयला जुलाब होत होते."

"बाप कुठाय तुझा?"

"शिबिरात."

"अरे, पास झाला ना तो?"

"आता नव्या तुकडीला शिकवतो. आपला अनुभव सांगतो." तिने टोटोयचं नाक आपल्या बाहीने पुसलं. इतकं सहज, न बघता. हे तो तिच्यासाठी करायचा. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवलं होतं ते त्यानेच.

तो तडक सभागृहात गेला. आर्नेल स्टेजवर होता, टी-शर्ट घालून. "घरात जबाबदारी वाटून घ्यावी," तो सांगत होता. नवे बाप माना डोलावत होते.

"आत्ता तुझं पोर कुणाच्या कडेवर आहे, ते सांग त्यांना!" डॉली मागून ओरडला.

सर विल्बर्तो शांतपणे म्हणाले, "प्रश्न शेवटी घेऊया." शेवटी पान्सित आलं.

मॅम ग्रेशेल त्याच्यामागे बाहेर आल्या. "मी वर कळवलं होतं, बाप आणि मुलगी एकत्र आले," त्या म्हणाल्या. "अभिनंदन आलं. आता ते परत कसं घेऊ?"

"मॅम, ती पोर शाळेत जात नाही."

"कळतं मला."

"मग?"

"मलाही दोन आहेत, डॉली. माझी आई सांभाळते," मॅम म्हणाल्या आणि आत गेल्या, कारण आत अंडी मोजून वाटायची होती.

डॉली पुन्हा कॅप्टनकडे गेला. कॅप्टन म्हणाला, मोठ्या बहिणीने लहानांना सांभाळणं ही आपली संस्कृती. डॉली म्हणाला, तुमच्या थोरलीने कुणाला सांभाळलं? कॅप्टन म्हणाला, ती मनिलाला नर्सिंग शिकतेय.  घरी येऊन डॉलीने हातातला कंगवा भिंतीवर मारला. भिंतीला काही झालं नाही.

हा तिढा सुटला तो डॉलीमुळे नाही, कॅप्टनमुळे नाही, आणि सुटला म्हणावं का हाही प्रश्नच आहे. मेरीफेला कुवेतला काम मिळालं. एका घरात तीन मुलं सांभाळायचं. ती गेली, आणि त्याच आठवड्यात, पार्लर भरलेलं असताना, आर्नेल दारात येऊन उभा राहिला. बरोबर लीझेल, तिच्या कडेवर टोटोय, मागे जेनजेन, आणि तांदळाच्या पोत्यात भरलेले कपडे.

"मला असं वाटतं," आर्नेल म्हणाला, "की थोडे दिवस यांना बाईमाणसाचा हात हवा."

बाकावरच्या बायका डॉलीकडे बघायला लागल्या. एकीच्या डोक्यावर रंग लावून ठेवला होता. तो वेळेत धुतला नाही तर केसांचं गवत होणार होतं.

"पूर्ण कुटुंब होतं ना तुझं?"

"होतं. आता पांगलंय. हल्ली तसंच असतं."

"आणि तू?"

"मी शनिवारी येत जाईन. नाही, शनिवारी शिबिर. रविवारी." तो खिशात हात घालून जरा घुटमळला. मग, बहुधा शिकवलेलं आठवून, तीनही पोरांना एकेक मिठी मारली आणि गेला. टोटोय त्याच्या खांद्यावरून कुणाकडे तरी बघत होता. मिठीत आपण आहोत हे त्याला कळलं नव्हतं.

"लीझेल, आत ये," डॉली म्हणाला. "ही दोघं कॅप्टनकडे जातील. तो धर्मपिता आहे. बघू दे त्याला, पूर्ण कुटुंब कसं असतं ते."

लीझेल उंबऱ्यावरच उभी राहिली. ती बारीक झाली होती. केस कधीचे विंचरलेले नव्हते, आणि नखांत काळं.

"आत ये म्हणतोय ना!"

"हा माझ्याशिवाय झोपत नाही."

"नको झोपू दे! मी काय याचा मामा आहे? माझी बहीण वाळवंटात दुसऱ्यांची पोरं धुतीय, ती बाई दुसऱ्या वाळवंटात दुसऱ्यांची धुतीय, आणि यांची पोरं मी धुवायची? का? माझं चुकलं काय? मी फक्त म्हटलं होतं, पालकसभेला ये!"

तो ओरडत होता. मनाची वाढ खुंटेल इतक्या जोरात. जेनजेन रडायला लागली. टोटोय तिचं बघून रडायला लागला. बाकावरची एक बाई म्हणाली, "डॉली, माझा रंग." लीझेल हलली नाही. ती मामाकडे बघत होती, सरळ, आणि तिने पोराची कड बदलली, थकलेल्या बाया बदलतात तशी, कंबरेतून एक झटका देऊन.

तो झटका बघून डॉली बाकाकडे वळला.

"किती वाजले?" त्याने बाकाला विचारलं.

"शाळेची दुसरी घंटा व्हायचीय अजून," एकजण म्हणाली.

"दे ते इकडं," तो लीझेलला म्हणाला. "दे म्हणतो ना. मान धरून. मला नको शिकवू मान कशी धरायची. आणि जा."

"माझा गणवेश धुतलेला नाही."

"तसाच घाल."

"जेनजेनला दूध…"

"लीझेल!"

ती गेली. कोपऱ्यापर्यंत जाताना चारदा मागे वळून बघितलं तिने, आणि मामाकडे एकदाही नाही. डॉली टोटोयला खांद्यावर टाकून बेसिनपाशी आला आणि एका हाताने त्या बाईचं डोकं धुवायला लागला. रंग जरा जास्तच चढला होता. टोटोयने त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर दूध ओकलं.

"कुणाचं हो हे?" बाईने डोळे मिटूनच विचारलं.

"मान खाली घ्या," डॉली म्हणाला.